साठ मुली, बारा शिट्ट्या

मुलगी : गुडघा सैल सोडा बाबा. सावधानमध्ये ठेवलात तर मी दाबू कशी?

वडील : सैलच आहे.

मुलगी : हा सैल? यात निशाणाची काठी रोवता येईल. आणि ती बटणं जरा बाजूला करा बघू. सारखे पुढे वाकताय.

वडील : बटणं राहू देत. तू गुडघा बघ, मी बटणं बघतो. एकोणसाठ आहेत. दोन-दोनच्या रांगा लावल्या, एक उरतं. तीन-तीनच्या लावल्या, दोन उरतात. चारच्या लावल्या, तीन. पाचच्या, चार. सहाच्या, पाच. सकाळपासून लावतोय. दर वेळी शेवटच्या रांगेत एक कमी.

मुलगी : आईच्या डब्यात बटणं काय कमी आहेत? अजून एक घ्या आणि लावा.

वडील : डब्यात आहेत. मैदानावर नाहीत.

मुलगी : असं होय. म्हणजे हे शाळेचं आहे.

वडील : पंचाहत्तर वर्षं होतायत शाळेला. नंबर एकचा फोन आला होता.

मुलगी : नंबर एक! अहो, ती मुख्याध्यापिका आहे आता त्याच शाळेची. पन्नाशी उलटली तिची.

वडील : मैदानावर मुख्याध्यापिका नसते. नंबर असतो. ती म्हणाली, सर, आमच्या वर्षीची कवायत पुन्हा करायची. त्याच मुली घेऊन. साठ मुली, बारा शिट्ट्या, दर शिट्टीला सारख्या रांगांची नवी रचना. शिट्टी तुम्हीच वाजवायची.

मुलगी : मुली म्हणे. दोघींना नातवंडं झालीत.

वडील : तरी येतायत. दोघींचे गुडघे बदललेले, एक काठी घेऊन येणार. पण येणार. एकोणसाठ जणींचा होकार आहे. चाळीस वर्षांनी.

मुलगी : आणि साठावी झिपरी.

वडील : नंबर तेवीस.

मुलगी : झिपरी, बाबा. निदान तिच्या बाबतीत तरी नंबर नका सांगू. चार महिने नाही झाले तिला जाऊन.

वडील : पहिला होकार तिचाच आला होता. नंबर एक सांगत होती.

मुलगी : ठाऊक आहे. दवाखान्यातल्या खाटेवरून पाठवला. मी होते तिच्याजवळ. मला म्हणाली, बरं झालं बारीक झाले, आता गणवेश बसेल. केस गेले होते सगळे. म्हणाली, सरांना सांग, या वेळी एक बट रिबिनीबाहेर दिसणार नाही.

वडील : रिबीन कायम सुटलेली असायची तिची.

मुलगी : हा पाय झाला. बोला आता.

वडील : काय बोलू?

मुलगी : ताकाला जाऊन भांडं लपवू नका. एरवी गुडघ्यासाठी मी चार फोन करते तेव्हा तुम्ही या म्हणता. आज स्वतःहून बोलावलंत. टेबलावर एकोणसाठ बटणं मांडून बसलात. बोला.

वडील : नंबर एक म्हणाली, सर, साठावी तुमच्या घरातच आहे.

मुलगी : दुसरा पाय द्या.

वडील : उत्तर दे ना.

मुलगी : पाय द्या आधी. तेव्हा मी एक जास्त होते, म्हणून बाहेर. आता एक कमी आहे, म्हणून आत. तुमच्या मैदानावर जागा मिळायची तर कुणीतरी मरावंच लागतं का हो, बाबा?

वडील : असं बोलू नये.

मुलगी : मग सोपा उपाय सांगते. अजून एकीला कमी करा. अठ्ठावन्न जणी करा. एखादीला सांगा, पाय मुरगळलाय म्हण. पट्टी मी देते, माझ्या दवाखान्यात ढीगभर आहेत.

वडील : अठ्ठावन्नात काही नाही. दोन गुणिले एकोणतीस. चारच रचना होतात.

मुलगी : धन्य! मी पट्टीचं बोलतेय आणि हे मला अठ्ठावन्नाचे विभाजक सांगतायत. आई! आई, बाहेर ये जरा. तुझा विद्यार्थी बघ.

आई : आले. चहा गाळून येऊ द्याल की नाही? काय झालं?

मुलगी : अठ्ठावन्नाला चार विभाजक.

आई : बरोबर आहे. उशिरा का होईना, शिकले. पस्तीस वर्षं पोरींना गणित शिकवलं मी, पण यांच्यासारखा विद्यार्थी पाहिला नाही. नुसतं पालथ्या घड्यावर पाणी.

वडील : एकदा चुकलो. एकदा.

आई : एकदाच, पण काय चुकलात! ऐकलंयस का तू हे? यांना कवायतीसाठी आधी चौसष्ट मुली हव्या होत्या. आठांच्या आठ रांगा, म्हणे भारदस्त दिसतं. म्हटलं, चौसष्ट दिसतो भारदस्त, पण आतून सगळा दोनच आहे. सहा वेळा दोन. सहात एक मिळवा, सात. सातच रचना होतील. त्यापेक्षा साठ घ्या. साठ फोडला की दोन, दोन, तीन, पाच. तीन तऱ्हेची माणसं घरात असली की घर जास्त तऱ्हांनी लावता येतं. म्हटलं, दोन किती वेळा आला? दोनदा. तीन एकदा. पाच एकदा. आता प्रत्येकात एक मिळवायचा आणि गुणायचं.

वडील : एक का मिळवायचा ते सांगितलं नव्हतंस.

आई : सांगितलं होतं. तुमचं लक्ष शिट्टीकडे. तर हे मिळवायचं विसरले. दोन गुणिले एक गुणिले एक. उत्तर दोन. तोंड एवढंसं करून माझ्यासमोर उभे. अगं, साठ मुली आणि दोनच रचना! म्हटलं, अहो, दहांच्या सहा रांगा तुम्ही रोज लावताय, ती कुठली मग?

मुलगी : एक का मिळवायचा, आई? मला आठवतंय, पण तूच सांग. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

आई : विभाजक बनवायचा तर प्रत्येक मूळ अवयव किती घ्यायचा ते ठरवावं लागतं. दोन दोनदा घ्या, एकदा घ्या, नाही तर अजिबात घेऊ नका. तीन तऱ्हा झाल्या. तीन घ्या किंवा सोडा. दोन तऱ्हा. पाच घ्या किंवा सोडा. दोन तऱ्हा. तीन दुणे सहा, सहा दुणे बारा. मुलं काय करतात, घेतलेलं तेवढं मोजतात. न घेणं हीसुद्धा एक तऱ्हाच आहे. ती मोजली नाही की सगळं उत्तर चुकतं.

मुलगी : आणि सगळंच सोडलं तर?

आई : तर एक उरतो. एका-एकीची रांग.

वडील : बारावी शिट्टी. एकेरी रांगेनं मैदानाबाहेर.

मुलगी : आणि एकसष्ट?

आई : हे बघ, चहा निवतोय.

मुलगी : एकसष्टाचं सांग ना.

आई : मूळ संख्या. फुटत नाही. एकसष्टांची एक रांग, नाही तर एका-एकीच्या एकसष्ट. दोनच.

मुलगी : चाचणीत एकसष्ट जणी पास झाल्या होत्या. मी त्यात सहावी आले होते, आई. एकसष्टावी नाही, सहावी. पण फळ्यावर नंबर लागले तेव्हा माझं नाव सगळ्यात खाली, एकसष्ट. आणि दोन दिवसांनी तेही नाही.

वडील : कुणाला तरी काढावं लागणारच होतं.

मुलगी : हो ना. ते मी तेव्हाच मान्य केलं. रडले, उशीत तोंड घालून रडले, पण मान्य केलं. आणि पट्टीही घातली. बावीस दिवस. एक दिवस कमी नाही.

आई : त्या पट्टीचं नाव नको काढूस. मी अडवायला हवं होतं.

मुलगी : तुला तरी काय करायचं होतं, बांधायचे बाबा. आणि चांगल्या पायानं लंगडणं सोपं वाटतं का तुम्हाला? मी आता दिवसभर लोकांचे मुरगळलेले घोटे बघते, एकही तसा लंगडत नाही जशी मी लंगडायचे. नाटकी. एका सोमवारी तर घाईत पट्टी डाव्या पायाला बांधली गेली.

आई : अगं बाई! हे मला माहीत नाही.

मुलगी : शनिवारपर्यंत उजवा मुरगळलेला, सोमवारी डावा. अर्ध्या शाळेतून चालत गेले, कुणाच्या लक्षात नाही. झिपरीनं बघितलं. मधल्या सुट्टीत मला पाण्याच्या टाकीमागे नेलं, खाली बसली, पट्टी सोडली आणि उजव्या पायाला बांधून दिली. मग मला म्हणाली, आता लंगड.

आई : विचारलं नाही तिनं?

मुलगी : कधीच नाही. चाळीस वर्षांत नाही. आणि कुणाला सांगितलंही नाही. त्या एकोणसाठ जणींना अजून वाटतं की माझा पाय मुरगळला होता. भेटल्या की अजून विचारतात, आता दुखत नाही ना गं?

वडील : मला तेव्हा दुसरं काही...

मुलगी : राहू द्या बाबा. मी तुम्हाला दोष कधी दिला नाही. गणितापुढे तुमचा काय इलाज होता? एकसष्ट फुटत नाही. माझ्या जागी कुणीही असती तरी बाहेरच गेली असती. हेच सांगत आले मी स्वतःला. कुणी विचारलं तर त्यांनाही.

आई : अहो.

वडील : चहा दे.

आई : चहा देते. तुम्ही सांगताय की मी सांगू?

मुलगी : काय सांगायचंय?

आई : चाळीस वर्षं मी गप्प बसले. म्हटलं, बाप आहे, एक ना एक दिवस सांगेल. आता तुमचं वय ब्याऐंशी. अजून किती दिवस थांबू?

मुलगी : आई, काय झालंय?

आई : ती शिट्टीची डबी काढा तुमची. वरच्या खिशात असते ती.

(वडील खिशातून शिट्टीची पत्र्याची डबी काढतात. तिच्यातून एक पांढरं बटण काढून टेबलावर, एकोणसाठ काळ्या बटणांच्या पुढे, ठेवतात.)

मुलगी : हे काय आहे?

वडील : तुझ्या गणवेशाचं बटण. बाहीचं.

मुलगी : ते शिट्टीच्या डबीत कशाला?

वडील : त्या संध्याकाळी मी इथेच बसलो होतो. याच टेबलावर. एकसष्ट बटणं घेऊन. तुझी आई तुझी बाही शिवत होती. उठली, हातातलं पांढरं बटण घेऊन आली. माझ्या ढिगातलं एक काळं उचलून डब्यात टाकलं. उरलेली साठ रांगेत होती. त्यांच्या पुढे हे ठेवलं. मला म्हणाली, ही तुमची एकसष्टावी. पुढे एकटी. हातात निशाण द्या. मागे साठ. बारा शिट्ट्या होतील आणि एकही पोर रडणार नाही.

मुलगी : ...तुम्हाला माहीत होतं.

वडील : माहीत होतं.

मुलगी : त्याच दिवशी?

वडील : त्याच दिवशी. शेवटची यादी लावायच्या आधी.

मुलगी : म्हणजे गणितानं नाही काढलं मला.

वडील : नाही. मी काढलं.

मुलगी : का?

वडील : निशाण कुणाच्या हातात दिसलं असतं? कवायत मास्तरच्या पोरीच्या. आदल्या वर्षी धावण्यात तू पहिली आलीस, तर पालक सभेत एकजण उठून म्हणाला, शिट्टी बापाच्या तोंडात असली की पोरगी लवकर सुटते. सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं माझ्या डोक्यातून जाईना. मी ठरवलं, पुन्हा कुणाला तोंड उघडायला जागा द्यायची नाही.

आई : लोकांच्या तोंडाला काय, हात लावता येतो होय? एक म्हणाला म्हणून यांनी पोरीला मागे ओढलं. मी सांगून दमले.

वडील : प्रामाणिक मास्तर म्हणवून घ्यायचं होतं मला. त्यापायी स्वतःच्या पोरीला खोटी पट्टी बांधली. हे मला कवायतीच्या दिवशी मैदानावर कळलं. अकरा शिट्ट्या झाल्या, बारावीला मुली एकेरी निघाल्या आणि पुढे कुणी नव्हतं. सगळे टाळ्या वाजवत होते. मी मात्र त्या पुढच्या मोकळ्या जागेकडे बघत होतो. तू पाण्याच्या टाकीपाशी उभी होतीस, एका पायावर जोर देऊन. त्या दिवसापासून हे बटण डबीत आहे. तुला द्यायचं होतं. कसं द्यावं ते कळलं नाही.

मुलगी : एक विचारू?

वडील : विचार.

मुलगी : पुढे मलाच का ठेवायचं होतं?

वडील : म्हणजे?

मुलगी : एकसष्ट जणी होतो आम्ही. पुढे एक हवी, मागे साठ. मग निशाण नंबर एकला द्यायचं. ती उंच होती, तिला शोभलंही असतं. तिची जागा मला द्यायची. मी रांगेत. कोण काय बोललं असतं? साठातली एक. कुणाला दिसलेही नसते.

वडील : ते... ते मला सुचलं नाही.

मुलगी : चाळीस वर्षांत?

वडील : नाही सुचलं. मी हे बटण काढायचो, बघायचो, परत ठेवायचो. पुढे म्हटलं की तूच. दुसरं कुणी तिथे उभं राहू शकतं, हे डोक्यातच आलं नाही.

आई : मलाही नाही आलं.

मुलगी : आई, तू तर...

आई : हो, मी तर गणिताची बाई. साठ अधिक एक सांगितलं आणि शहाणी ठरले. यांना चाळीस वर्षं बोल लावले. पण पांढरं बटण कुणी ठेवलं? मीच ना? काळ्यातलं कुठलंही पुढे सरकवता आलं असतं. सगळी सारखीच होती. पण मी माझ्या पोरीचं वेगळं बटण घेऊन आले. वेगळं ठेवायची सुरुवात माझ्यापासून आहे गं. आज कळतंय. आता कळून काय, बैल गेला आणि झोपा केला.

मुलगी : मला तेव्हाच सुचलं होतं.

वडील : कधी?

मुलगी : यादीतून माझं नाव गेलं त्या दिवशी. तेरा वर्षांची होते. तुम्ही दोघं घरात नव्हता, मी हाच डबा काढून बसले होते. एक पुढे, साठ मागे. दहा मिनिटांत सुटलं.

वडील : मग बोलली का नाहीस? पोरी, तेव्हाच का नाही बोललीस?

मुलगी : कारण मला वाटलं, तुम्हाला माहीतच असणार. तुम्ही मास्तर, आई गणिताची. मला दहा मिनिटांत सुटतं ते तुम्हाला सुटलं नसेल होय? म्हटलं, माहीत असूनही काढलंय, म्हणजे मीच नको असेन. मग काही दिवसांनी ते सहन होईना. म्हणून मी दुसरं धरलं. म्हटलं, नाही, त्यांना खरंच माहीत नसेल. गणितापुढे इलाज नसेल. तेच धरून आत्तापर्यंत आले.

आई : अगं माझे आई...

वडील : तू नको नव्हतीस.

मुलगी : आता राहू द्या.

वडील : नाही, ऐक. नको नव्हतीस. माझी म्हणून जास्त हवी होतीस, आणि तेच लोकांना दिसेल म्हणून घाबरलो. भित्रा होतो मी. साठ पोरींना सावधान शिकवलं आणि स्वतः एका माणसाच्या हसण्याला घाबरलो. माझं चुकलं.

मुलगी : मला पुढे उभं राहायचं नव्हतंच, बाबा. निशाण नको होतं, काही नको होतं. मला रांगेत उभं राहायचं होतं. झिपरीच्या शेजारी. बावीस नाही तर चोवीस. एवढंच.

वडील : आणि आता मी तुला तेवीसच द्यायला निघालो.

मुलगी : ते मी घेणार नाही. तिच्या जागेवर मी पाय ठेवणार नाही. नंबर एकला सांगा, तेवीसची जागा मोकळी ठेवा. फक्कीनं चौकोन आखा आणि सोडून द्या. एकोणसाठ जणी आणि एक मोकळी जागा, साठच होतात. तुमच्या बारा शिट्ट्या कुठे जात नाहीत.

आई : ते मात्र बरोबर आहे. नसलेलीही मोजायची.

वडील : तसं करू. पण अजून एक राहिलंय. ते तुझ्या आईलाही माहीत नाही.

आई : अजून आहे?

वडील : यादीतून हिचं नाव काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मैदानावर फक्की मारत होतो. एकटाच. झिपरी आली. नेहमीसारखी रिबीन सुटलेली. म्हणाली, सर, तेवीस नंबर तिला द्या. माझं तसंही चुकतं. मी फक्की मारीन, पाणी देईन, तुम्ही सांगाल ते करीन. पण तिला घ्या.

मुलगी : झिपरी असं म्हणाली?

वडील : समोर उभी राहून. तिचं ऐकलं असतं तर पुन्हा तेच, मास्तरनं दुसऱ्याची पोर काढून आपली घातली. आणि नाही म्हणावं तर का नाही? म्हणून तोंडातून निघून गेलं. म्हटलं, तिला नाही घेता येणार. तिचा पाय मुरगळलाय. मग घरी आलो आणि तुझ्या पायाला पट्टी बांधली.

मुलगी : म्हणजे ती पट्टी झिपरीला दाखवायला होती.

वडील : हो.

मुलगी : आणि तिनंच ती सोडून परत बांधली. तिला तेव्हाच कळलं असणार. सर आपल्याशी खोटं बोलले, हे कळलं असणार आणि तरी... मला एका शब्दानं बोलली नाही. मी तिच्या उशाशी दोन महिने बसले, बाबा. रोज. तेव्हाही नाही. तुमच्याकडे बघण्याची माझी नजर बदलेल म्हणून बोलली नसेल.

आई : रड हो, रड. चहा गेला खड्ड्यात.

मुलगी : वेडी. फक्की मारीन म्हणे. तिला भागाकार यायचा नाही. तेवीस नंबर म्हणजे कुठल्या रचनेत कुठे उभं राहायचं, ते तिला एकदाही काढता आलं नाही. बाराच्या बारा जागा मी काढून दिल्या होत्या. गच्चीवर खडूनं साठ चौकोन आखून. ती बघत बसायची आणि मी तेवीस होऊन चालून दाखवायची.

वडील : पट्टी बांधलेल्या पायानं?

मुलगी : पट्टी सोडून. गच्चीवर कोण बघतंय? मग खाली उतरताना परत बांधायची.

वडील : आम्ही घरात असायचो. वरून पावलं ऐकू यायची. मला वाटायचं, पोरी खेळतायत.

मुलगी : बाबा.

वडील : बोल.

मुलगी : तेवीस मी घेते.

आई : आत्ताच तर नको म्हणालीस.

मुलगी : मेलेल्या माणसाची जागा नको होती. तिनं जिवंतपणी दिली होती हे मला माहीत नव्हतं. तिनं दिली होती ना? मग घेते. उशिरा का होईना. पण एक अट आहे.

वडील : सांग.

मुलगी : पहिल्या शिट्टीच्या आधी तुम्ही सगळ्यांना सांगायचं. लाऊडस्पीकरवरून. माझा पाय मुरगळला नव्हता.

वडील : सगळ्यांसमोर?

मुलगी : सगळ्यांसमोर. नंबर एकसमोर, तिच्या हाताखालच्या शिक्षकांसमोर, हार घालायला येतील त्यांच्यासमोर. शाळेत अजून तुमचं नाव घेऊन सांगतात, सर कधी खोटं बोलले नाहीत. त्यांच्यासमोर.

आई : ब्याऐंशीव्या वर्षी मान खाली घालायला लावतेस त्यांना.

मुलगी : मी तेराव्या वर्षी घातली होती, आई.

वडील : सांगेन. तिचं बरोबर आहे. सांगेन. आणि झिपरी काय म्हणाली होती तेही सांगेन. पण नंबर तेवीस मैदानावर उतरण्याआधी तपासावा लागेल मला. चाळीस वर्षांत जागा विसरतात. मी सांगतो, तू जागा सांग. पहिली शिट्टी. साठांची एक रांग.

मुलगी : आत्ता? गुडघा अर्धा राहिलाय तुमचा.

वडील : साठांची एक रांग.

मुलगी : तेविसावी.

वडील : तीसच्या दोन.

मुलगी : पहिली रांग, तेविसावी.

वडील : वीसच्या तीन.

मुलगी : दुसरी रांग, तिसरी.

वडील : पंधराच्या चार.

मुलगी : दुसरी, आठवी. अगदी मधोमध.

वडील : बाराच्या पाच.

मुलगी : दुसरी, अकरावी. इथे ती नेहमी टोकाला जाऊन उभी राहायची आणि चोवीसचा धक्का खायची.

वडील : दहाच्या सहा.

मुलगी : तिसरी, तिसरी. ही एकच तिची पाठ होती.

वडील : सहाच्या दहा.

मुलगी : चौथी, पाचवी.

वडील : पाचच्या बारा.

मुलगी : पाचवी, तिसरी.

वडील : चारच्या पंधरा.

मुलगी : सहावी, तिसरी.

वडील : तीनच्या वीस.

मुलगी : आठवी, मधली.

वडील : दोनच्या तीस.

मुलगी : बारावी, पहिली.

वडील : बारावी शिट्टी. एकेरी.

मुलगी : पुढे बावीस जणी, मग मी.

वडील : एकदाही चुकली नाहीस.

मुलगी : तेव्हाही नव्हते चुकले, बाबा.